द्विमार्गी रेडिओ आणि आपत्कालीन सेवा : संभाषण-शिस्तीचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

पोलीस, अग्निशमन व बचाव सेवांमध्ये द्विमार्गी रेडिओचा वापर सुरू होऊन आता नव्वदहून अधिक वर्षे झाली आहेत. या काळात यंत्रांमध्ये आमूलाग्र बदल झाले. परंतु रेडिओवर कसे बोलावे यासंबंधीचे मूलभूत नियम फारसे बदलले नाहीत. प्रस्तुत निबंधात १९१२ ते २००८ या कालखंडातील निवडक घटनांच्या आधारे या नियमांची जडणघडण तपासली आहे. रेडिओ-शिस्तीचा खरा हेतू इतरांना गप्प बसवणे हा नसून, ज्याच्याजवळ सर्वांत तातडीचा शब्द आहे त्याला मध्येच बोलण्याची वाट मोकळी ठेवणे हा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : द्विमार्गी रेडिओ, बिनतारी संदेशवहन, आपत्कालीन सेवा, नियंत्रण कक्ष, साधी भाषा, अग्रक्रम.

१. प्रस्तावना :

आपत्तीच्या प्रसंगी घटनास्थळी असलेला माणूस आणि दूर बसलेला नियंत्रण कक्ष यांना जोडणारा धागा म्हणजे द्विमार्गी रेडिओ होय. सामान्य व्यवहारात त्याला 'वायरलेस' अथवा 'वॉकीटॉकी' असे म्हटले जाते. वरकरणी हे साधन टेलिफोनसारखे वाटते. तथापि दोहोंमध्ये एक मूलभूत फरक आहे. टेलिफोनवरील संभाषण दोन व्यक्तींपुरते मर्यादित असते आणि दोघेही एकाच वेळी बोलू व ऐकू शकतात. याउलट रेडिओची वाहिनी सामायिक असते. एका वेळी एकच जण बोलतो व बाकीचे सर्व ऐकतात. बोलण्याची कळ दाबून ठेवलेली असेपर्यंत बोलणाऱ्याला स्वतःला काहीही ऐकू येत नाही, आणि त्या वाहिनीवरील इतरांनाही बोलता येत नाही.

गावातील पाणवठा जसा सर्वांचा असतो, आणि म्हणूनच त्याच्या वापराला काही रीत लागते, तशीच रीत या सामायिक वाहिनीलाही लागते. ही रीत कोणा एका तज्ज्ञाने प्रयोगशाळेत बसून ठरवलेली नाही. ती निरनिराळ्या दुर्घटनांच्या चौकशीतून, बहुतेक वेळा मनुष्यहानी झाल्यानंतर, हळूहळू सिद्ध झाली. त्यामुळे रेडिओच्या योग्य वापराचा प्रश्न हा केवळ तांत्रिक प्रशिक्षणाचा विषय राहत नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास समजल्याशिवाय नियमांमागील कारण समजत नाही. कारण न समजता पाठ केलेला नियम ऐन प्रसंगी आठवत नाही, हाही या इतिहासाचाच एक धडा आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती :

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) आपत्कालीन सेवांतील रेडिओ-संभाषणाच्या नियमांचा उगम शोधणे.
२) सांकेतिक भाषेकडून साध्या भाषेकडे झालेल्या प्रवासाची कारणे स्पष्ट करणे.
३) यंत्राची क्षमता आणि वापरणाऱ्याची शिस्त यांचा परस्परसंबंध तपासणे.
४) भारतीय, विशेषतः मुंबईतील, अनुभवाच्या संदर्भात या नियमांचे महत्त्व अधोरेखित करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. सागरी व विमान वाहतुकीतील एकेक घटना विवेचनात घेतली आहे, कारण आपत्कालीन सेवांनी स्वीकारलेले काही नियम मुळात त्या क्षेत्रांत घडले. लष्करी संदेशवहन हा स्वतंत्र विषय असल्याने तो येथे वगळला आहे.

३. सागरी पार्श्वभूमी : टायटॅनिक आणि अग्रक्रमाचा प्रश्न :

संकटात सापडलेल्या जहाजाने 'एसओएस' हा संकेत द्यावा असे १९०६ मध्ये बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले होते. म्हणजे १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळले तेव्हा संकट-संकेत अस्तित्वात होता. नव्हती ती वाहिनीच्या वापराची शिस्त.

त्या रात्री अकराच्या सुमारास कॅलिफोर्नियन या जहाजाचे बिनतारी चालक सिरिल इव्हान्स यांनी टायटॅनिकला कळवले की, आपले जहाज बर्फाने वेढले जाऊन थांबले आहे. हा संदेश त्यांनी औपचारिक इशाऱ्याच्या स्वरूपात न देता मित्राशी बोलावे अशा ढंगात दिला. त्याच वेळी टायटॅनिकचे चालक जॅक फिलिप्स हे केप रेस येथील किनारी केंद्राकडे प्रवाशांच्या खासगी तारा पाठवण्यात गुंतले होते. मध्येच आलेल्या या जोरदार आवाजाने त्रासून त्यांनी इव्हान्स यांना गप्प राहण्यास सांगितले. इव्हान्स काही वेळ ऐकत राहिले आणि साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपी गेले. टायटॅनिक हिमनगावर आदळले ते रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी. मदतीची हाक सुरू झाली तेव्हा त्या टापूत असलेल्या कॅलिफोर्नियनवर ती ऐकणारे कोणीही जागे नव्हते. कार्पेथिया या दुसऱ्या जहाजाचे चालक हॅरॉल्ड कॉटम अद्याप झोपले नव्हते, त्यांनी हाक ऐकली व सुमारे सातशे जणांचे प्राण वाचले. सुमारे पंधराशे जण मृत्युमुखी पडले. फिलिप्स शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिले व त्या रात्री त्यांचाही अंत झाला.

या प्रसंगाकडे केवळ एका चालकाचा उद्धटपणा म्हणून पाहणे अनैतिहासिक ठरेल. मार्कोनी कंपनीच्या चालकांचे मुख्य काम प्रवाशांच्या तारा पाठवणे हेच होते. कोणत्या संदेशाला कोणत्या संदेशापुढे प्राधान्य द्यावे आणि रात्रभर कान कोणी उघडे ठेवावेत, याची सक्तीची व्यवस्थाच नव्हती. अमेरिकेतील सिनेट समितीने व ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांनी केलेल्या चौकशीनंतर ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेने ऑगस्ट १९१२ मध्ये रेडिओ कायदा संमत केला. सागरी सुरक्षिततेविषयीच्या जानेवारी १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या प्रवासी जहाजांवर अखंड श्रवणाची तरतूद आली.

पुढील काळात ५०० किलोहर्ट्झ या संकट-वारंवारतेवर दर तासाला दोनदा, प्रत्येकी तीन मिनिटे, सक्तीचे मौन पाळण्याची प्रथा रूढ झाली. जहाजाच्या रेडिओ-कक्षातील घड्याळाच्या तबकडीवर ही मिनिटे रंगीत पट्ट्यांनी दाखवलेली असत. त्या वेळात कोणीही नेहमीचे संदेश पाठवायचे नाहीत आणि सर्वांनी एखादी क्षीण हाक ऐकू येते का याकडे लक्ष द्यायचे, असा दंडक होता. रेडिओच्या इतिहासातील हा बहुधा सर्वांत अर्थपूर्ण नियम होय. जो बोलू शकत नाही अथवा ज्याचा आवाज पोहोचत नाही, त्याच्यासाठी इतरांनी थांबणे हे त्याचे सूत्र होते.

ध्वनिरूप रेडिओचा प्रसार झाल्यावर १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत 'मेडे' हा संकट-शब्द मान्य झाला. लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो फ्रेंच भाषेतील मदतीच्या हाकेवरून सुचवला होता. त्याच्या जोडीला, जिवाला तत्काळ धोका नसलेल्या तातडीसाठी 'पान-पान' आणि सुरक्षिततेच्या सूचनेसाठी 'सेक्युरिते' हे शब्द आले. याप्रमाणे संदेशाच्या पहिल्या शब्दावरूनच त्याचा अग्रक्रम ओळखता यावा अशी सोय झाली.

४. रस्त्यावरील रेडिओ : एकमार्गी ते द्विमार्गी :

जमिनीवरील सेवांमध्ये रेडिओचा नियमित वापर प्रथम पोलिसांनी सुरू केला. अमेरिकेतील डेट्रॉईट शहराच्या पोलीस दलाने अनेक वर्षांच्या फसलेल्या प्रयोगांनंतर ७ एप्रिल १९२८ पासून गस्तीच्या मोटारींना रेडिओवरून संदेश देण्यास प्रारंभ केला. ही व्यवस्था एकमार्गी होती. मोटारीतील शिपायाला संदेश ऐकू येई. परंतु तो मिळाला हे कळवण्यासाठी त्याला रस्त्यावरील टेलिफोन गाठावा लागे. साहजिकच संदेश पोहोचला की नाही याविषयी केंद्र अंधारात राही.

१९३३ मध्ये न्यू जर्सी राज्यातील बेयॉन या शहरात पोलिसांच्या मोटारींमध्ये ग्राही यंत्राबरोबरच प्रेषक यंत्रही बसवण्यात आले आणि द्विमार्गी संभाषण शक्य झाले. यानंतर १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी एफएम तंत्रावर आधारलेली राज्यव्यापी द्विमार्गी व्यवस्था उभारली. एडविन आर्मस्ट्राँग यांनी विकसित केलेले हे तंत्र प्रत्यक्ष पोलिसी उपयोगासाठी घडवण्याचे श्रेय डॅनियल नोबल या प्राध्यापकाकडे जाते. इंजिनाच्या व विजेच्या खरखरीपासून बरीचशी मुक्त असलेली ही पद्धत पुढे आपत्कालीन सेवांमध्ये सर्वत्र रूढ झाली.

द्विमार्गी संवादामुळे एक प्रश्न सुटला आणि दुसरा निर्माण झाला. एकमार्गी पद्धतीत बोलणारा एकच होता, त्यामुळे वाहिनीवर गर्दी होण्याचा संभव नव्हता. आता प्रत्येक मोटारीला वाचा फुटली होती. कोणी, केव्हा, किती बोलावे हे ठरवणे आता अपरिहार्य झाले.

५. एक वाहिनी, अनेक आवाज :

दोघांनी एकाच क्षणी कळ दाबल्यास काय होते, हे या संदर्भात समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या एएम पद्धतीत दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून कर्कश शीळ ऐकू येते. त्यामुळे निदान काहीतरी बिघडले हे ऐकणाऱ्याला कळते. एफएम पद्धतीत मात्र ज्याची लहर अधिक प्रबळ त्याचाच आवाज ऐकू येतो व दुबळा आवाज पूर्णपणे झाकला जातो. कोणी दुसराही बोलत होता, याचा पत्ताच लागत नाही. इमारतीच्या आत खोलवर अडकलेल्या जवानाची लहर बहुधा दुबळी असते, तर रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीची प्रबळ. म्हणजे दोघांच्या बोलण्याची टक्कर झाली, तर ज्याचे ऐकणे अधिक गरजेचे आहे त्याचाच आवाज हरवण्याची शक्यता अधिक असते. 'आधी ऐका, मग बोला' या नियमामागील तांत्रिक कारण हे असे आहे.

विमान वाहतुकीत अद्यापही एएम पद्धत वापरली जाते. तेथील एका घटनेने या टकरीचे गांभीर्य जगापुढे आणले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धडक होऊन ५८३ जण ठार झाले. केएलएम कंपनीच्या वैमानिकाने उड्डाणासंबंधी संदिग्ध शब्दांत कळवल्यावर नियंत्रकाने प्रथम 'ओके' म्हटले व नंतर थांबण्यास सांगितले. नेमक्या त्याच क्षणी पॅनॅम कंपनीच्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे सांगितले. दोन्ही वाक्ये एकमेकांवर आदळली. केएलएमच्या कक्षात 'ओके' एवढे स्पष्ट पोहोचले. त्यापुढील अत्यंत महत्त्वाचे शब्द शिळीत बुडाले. दुर्घटनेनंतर संभाषणाचे ठरावीक शब्द, आदेशाचा पुनरुच्चार आणि 'उड्डाण' या शब्दाच्या वापरावरील निर्बंध यांविषयी अधिक काटेकोर दंडक घालण्यात आले. 'ओके', 'बरं', 'हो' यांसारखे सैल शब्द रेडिओवर का चालत नाहीत, याचे हे उदाहरण अन्य सेवांच्या प्रशिक्षणातही उपयुक्त आहे. अशा शब्दांतून संदेश ऐकला, समजला, मान्य केला की अमलात आणला, यांपैकी नेमके काय झाले ते कळत नाही.

६. सांकेतिक आकड्यांकडून साध्या भाषेकडे :

अमेरिकी पोलिसांचे 'दहा-चार' हे उत्तर चित्रपटांमुळे सर्वपरिचित झाले आहे. या पद्धतीचा उगम मात्र फारसा परिचित नाही. इलिनॉय राज्य पोलिसांचे संदेशवहन अधिकारी चार्ल्स हॉपर यांनी १९३७ च्या सुमारास ही आकड्यांची पद्धत तयार केली व पोलीस संदेशवहन अधिकाऱ्यांच्या संघटनेने तिचा प्रसार केला. तत्कालीन प्रेषक यंत्रांना वीज पुरवणाऱ्या फिरत्या यंत्राला पूर्ण वेग घेण्यास क्षणभर लागत असे. त्यामुळे कळ दाबताच बोललेले पहिले अक्षर हवेत विरून जाई. प्रत्येक संकेताच्या आरंभी 'दहा' हा निरर्थक शब्द ठेवल्यास गेला तर तोच जाईल व पुढचा अर्थपूर्ण आकडा वाचेल, अशी ही युक्ती होती. शिवाय वाहिन्या मोजक्या असल्याने संक्षेपही आवश्यक होता.

यंत्रे सुधारल्यावर या पद्धतीचे मूळ कारण नाहीसे झाले; पण पद्धत राहिली. एवढेच नव्हे, तर प्रत्येक खात्याने तिच्यात आपापली भर घातली. परिणामी एकाच आकड्याला शेजारच्या दोन खात्यांमध्ये दोन भिन्न अर्थ प्राप्त झाले. एका खात्याच्या अंतर्गत कामकाजात यामुळे अडचण येत नव्हती. मोठ्या आपत्तीत अनेक खाती एकत्र आली की मात्र संक्षेपाचे रूपांतर गोंधळात होई.

सप्टेंबर-ऑक्टोबर १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवस चाललेल्या वणव्यांमध्ये १६ जणांचा मृत्यू झाला व सातशेहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. अनेक अग्निशमन दले मदतीला धावली. परंतु त्यांच्या वारंवारता, परिभाषा आणि आदेशाच्या साखळ्या भिन्न होत्या. या अनुभवातून 'फायरस्कोप' हा प्रकल्प व त्यातून पुढे 'घटना नियंत्रण प्रणाली' उदयास आली. समान परिभाषा व सरळ शब्दांतील संभाषण ही या प्रणालीची पायाभूत तत्त्वे आहेत. २००६ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य शासनाने अनेक खात्यांचा सहभाग असलेल्या प्रसंगी साधी भाषा वापरणे ही आर्थिक साहाय्याची अटच केली. खात्याच्या दैनंदिन अंतर्गत कामात मात्र आकडे वापरण्यास मनाई केली नाही.

येथे दोन बाबी वेगळ्या करणे इष्ट ठरेल. 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही १९५६ पासून आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत लागू झालेली अक्षरमाला किंवा 'ओव्हर', 'आऊट' हे शब्द म्हणजे गुप्त संकेत नव्हेत. खरखरीतही अर्थ पोहोचावा, यासाठी ती घडवलेली आहेत. 'ओव्हर' म्हणजे माझे बोलणे संपले, आता तुम्ही बोला. 'आऊट' म्हणजे संभाषण संपले, उत्तराची अपेक्षा नाही. चित्रपटांत दोन्ही शब्द एकत्र उच्चारले जातात, ते परस्परविरोधी आहे. अर्थ लपवणारा संक्षेप आणि अर्थ जपणारा संक्षेप यांतील हा भेद रेडिओ-शिस्तीचा गाभा आहे.

७. न्यूयॉर्क २००१ : यंत्र, वाहिनी आणि हरवलेली तातडी :

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावर झालेल्या हल्ल्यात शहराच्या अग्निशमन खात्याचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय आयोगाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात रेडिओ-संपर्काची तपशीलवार चिकित्सा आहे. अनेकदा या घटनेचे वर्णन 'रेडिओ निकामी ठरले' अशा एका वाक्यात केले जाते. प्रत्यक्षात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे.

१९९३ च्या बॉम्बस्फोटाच्या वेळी उंच इमारतीत रेडिओचा आवाज पोहोचत नाही हे स्पष्ट झाल्यावर तेथे रिपीटर यंत्रणा बसवण्यात आली होती. ती पूर्णपणे सुरू होण्यासाठी दोन कळा दाबणे आवश्यक होते. हल्ल्याच्या सकाळी एकच दाबली गेली. त्यामुळे उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावरील अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली तेव्हा मुख्य हँडसेट प्रतिसाद देईना, आणि यंत्रणाच बंद असल्याचा समज होऊन तेथे तिचा वापर झाला नाही. दक्षिण मनोऱ्यात मात्र हीच वाहिनी चालली. तिच्या आधारे ओरिओ पामर हे अधिकारी ७८ व्या मजल्यापर्यंत पोहोचले व तेथून खाली माहिती देत राहिले. यंत्र तेच होते. ते हाताळण्याचे ज्ञान व सराव यांत उणीव होती.

सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. उत्तर मनोऱ्यातील अधिकाऱ्याने त्यानंतर अल्पावधीतच इमारत रिकामी करण्याचा आदेश दिला. हा आदेश काहींनी ऐकला, काहींनी ऐकलाच नाही. एकाच वाहिनीवर अनेक तुकड्यांची गर्दी होती, काही जण अन्य वाहिनीवर होते, आणि सुट्टीवरून थेट धावत आलेल्या काहींजवळ रेडिओच नव्हता. परंतु त्याहून महत्त्वाची बाब आयोगाने नोंदवली आहे. आत्यंतिक तातडीच्या वेळी आदेशाआधी 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारण्याचा संकेत होता. तो पाळला गेला नाही. शेजारचा मनोरा कोसळला आहे हेही त्या आदेशात नव्हते, कारण आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यालाच ते ठाऊक नव्हते. परिणामी आदेश ऐकलेल्यांपैकी काहींना त्यातील निकड जाणवली नाही. उत्तर मनोरा १० वाजून २८ मिनिटांनी कोसळला.

पोलिसांची हेलिकॉप्टरे वरून मनोऱ्याची अवस्था पाहत होती आणि त्यांचे इशारे पोलिसांच्या वाहिनीवर जात होते. अग्निशमन दलाची वाहिनी वेगळी होती व दोन्ही खात्यांमध्ये सामायिक नियंत्रण केंद्र नव्हते. माहिती उपलब्ध होती. ज्याला तिची सर्वाधिक गरज होती त्याच्या कानापर्यंत ती गेली नाही.

धडा दिसूनही तो अमलात येण्यास किती विलंब लागतो, हे लंडनच्या उदाहरणावरून दिसते. किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकातील १९८७ च्या आगीत ३१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या फेनेल अहवालाने भुयारातील रेडिओ-संपर्कातील उणिवेकडे लक्ष वेधले होते. तरीही ७ जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी सर्व बचाव सेवांना भुयारातून रेडिओवर बोलता आले नाही आणि निरोप घेऊन माणसांना वर-खाली धावावे लागले.

८. भारतीय अनुभव : अंदमान व मुंबई :

भारतातील दोन प्रसंग या विवेचनाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. डिसेंबर २००४ मध्ये हौशी रेडिओचालकांचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानातून जगभरातील हौशी केंद्रांशी संपर्क साधण्याच्या उपक्रमासाठी पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली व बेटांवरील नेहमीची दळणवळण व्यवस्था कोलमडली. तेव्हा या पथकाने आपला उपक्रम तत्काळ थांबवून बेटांवरील लोकांची खुशाली व मदतीचे निरोप मुख्य भूमीकडे पोहोचवण्याचे काम हाती घेतले. आवश्यक यंत्रे आणि चालक आधीच तेथे होते. संकट येताच हौस बाजूला ठेवून वाहिनी तातडीच्या संदेशांसाठी मोकळी करण्याची सवय त्यांच्या अंगी होती, हेही तितकेच महत्त्वाचे ठरले.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. रेल्वे स्थानक, उपाहारगृह, हॉटेले, रुग्णालय अशा अनेक ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी हल्ले झाल्याने पोलीस नियंत्रण कक्षावर संदेशांचा अभूतपूर्व भार पडला. त्या रात्रीच्या घटनाक्रमात दोन बिनतारी संदेशांचे महत्त्व विशेष आहे. कामा रुग्णालयाजवळील गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी प्रवास करीत असलेल्या वाहनावर गोळीबार झाला. तिघांनाही वीरमरण आले. दहशतवाद्यांनी ते वाहन पळवले तेव्हा जखमी पोलीस शिपाई अरुण जाधव त्यातच मागे होते. पुढे दहशतवादी वाहन सोडून गेल्यावर जाधव यांनी त्यातीलच वायरलेसवरून नियंत्रण कक्षाशी संपर्क साधला. दहशतवाद्यांनी यानंतर एक स्कोडा मोटार बळकावली. तिचे वर्णन पोलिसांच्या नाकाबंदीपर्यंत पोहोचले. त्या आधारावर गिरगाव चौपाटीजवळ ती अडवण्यात आली. या चकमकीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राणार्पण केले आणि अजमल कसाब जिवंत हाती लागला. मोटारीची बनावट, रंग व क्रमांक एवढाच मजकूर, पण तो वेळेवर व स्पष्टपणे पोहोचला, म्हणून निर्णायक ठरला.

याच प्रसंगाची दुसरी बाजू नोंदींशी निगडित आहे. विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराचा वापर करून नियंत्रण कक्षातील संदेशांच्या नोंदी मिळवल्या आणि २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' या पुस्तकातून त्या रात्रीच्या घटनाक्रमासंबंधी प्रश्न उपस्थित केले. त्या प्रश्नांचा निवाडा करणे हा या निबंधाचा विषय नाही. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, कोणत्या मिनिटाला कोणी काय मागितले आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे ठरवण्याचे साधन म्हणजे ती नोंदवही होय. रेडिओवरील शब्द हवेत विरतो, नोंद उरते. आप्त गमावलेल्यांना सत्याचा माग काढण्यासाठी त्या नोंदीपलीकडे फारसा आधार नसतो. म्हणूनच वेळेसह अचूक नोंद ठेवणे हा योग्य वापराचाच एक भाग मानला पाहिजे.

९. योग्य वापराचे ऐतिहासिक आकलन :

वरील घटनांच्या प्रकाशात आजच्या प्रशिक्षणातील नियमांची संगती लावता येते. कळ दाबण्यापूर्वी ऐकणे, हा टकरीवरील उपाय आहे. कळ दाबल्यावर क्षणभर थांबून बोलणे, ही हॉपर यांच्या काळातील अडचणीची आठवण आहे. रिपीटरवर चालणाऱ्या आजच्या यंत्रणांमध्येही पहिला शब्द तुटण्याचा संभव असल्याने तो नियम टिकून आहे. ज्याला हाक मारायची त्याचे नाव आधी व स्वतःचे नाव नंतर घेतल्याने ऐकणारा सावध होतो. काय सांगायचे ते मनाशी जुळवून मगच बोलणे, ठिकाण व गरज आधी सांगणे, आदेश मिळाल्यावर त्यातील महत्त्वाचा भाग उलट बोलून दाखवणे, या सर्वांचा हेतू एकच आहे. वाहिनी कमीत कमी वेळ व्यापली जावी आणि अर्थ मात्र पूर्ण पोहोचावा.

तथापि या नियमांचा केवळ 'कमी बोला' असा अर्थ लावणे धोक्याचे आहे. टायटॅनिकच्या रात्री इव्हान्स गप्प बसले, आणि त्या क्षणी त्यांना मिळालेल्या उत्तरानुसार ते योग्यच होते. न्यूयॉर्कमधील आदेश संक्षिप्त होता. पण त्यात निकडीची खूण व कारण नव्हते. वरिष्ठांच्या संभाषणात मध्येच बोलू नये, ही श्रेणीबद्ध दलांतील सवय रेडिओवर घातक ठरू शकते. त्यामुळे संयम आणि व्यत्यय आणण्याचा हक्क या दोहोंचे शिक्षण एकत्रच द्यावे लागते. संकटाचा शब्द उच्चारणारा जवान पदाने कितीही कनिष्ठ असो, त्या क्षणी वाहिनी त्याची असते.

१०. निष्कर्ष :

१) आपत्कालीन सेवांतील रेडिओ-संभाषणाचे नियम प्रामुख्याने दुर्घटनांच्या चौकशीतून घडले आहेत.

२) अभ्यासलेल्या टायटॅनिक, टेनेरिफ व न्यूयॉर्क या तिन्ही घटनांमध्ये समान दोष आढळतो. तातडीचा शब्द एक तर वाहिनीवर शिरू शकला नाही, किंवा तातडीचा म्हणून ओळखला गेला नाही.

३) सांकेतिक आकडे यंत्राच्या मर्यादेतून जन्मले. ती मर्यादा संपल्यावर आणि अनेक खात्यांच्या एकत्रित कामाची गरज वाढल्यावर साधी भाषा अधिक सुरक्षित ठरली.

४) नवे यंत्र जुन्या सवयी आपोआप बदलत नाही. रिपीटरची दुसरी कळ दाबली न जाणे हे सरावाअभावी घडले. अंकीय तंत्रामुळे वाहिन्यांची संख्या वाढली, तरी एका घटनास्थळी एका पथकाला ऐकता येणारी वाहिनी बहुधा एकच असते.

५) संदेशांची अचूक नोंद ही प्रशासकीय औपचारिकता नसून उत्तरदायित्वाचे व इतिहासलेखनाचे साधन आहे.

महाविद्यालयीन स्तरावर राष्ट्रीय छात्र सेना व राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण दिले जाते. त्यात रेडिओ हाताळण्याबरोबर या नियमांमागील घटनाही शिकवल्या गेल्यास विद्यार्थ्यांना त्यांचे मोल कळेल. ऐकण्यासाठी थांबणे ही सवय संकटाच्या दिवशी नव्याने लावता येत नाही. ती शांततेच्या काळातच अंगवळणी पाडावी लागते.